पत्र वाचणारी स्त्री व तिच्या मागची भिंत

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तें केवळ सांगतां येतें. ही अडचण खरी असली तरी एका अर्थानें ती उपकारकहि आहे. चित्र समोर असलें म्हणजे दृष्टि त्यावरून भरभर फिरते आणि चित्र पाहून झालें असा समज होतो. तेंच चित्र शब्दांनीं सांगूं लागलें म्हणजे एकेका वस्तूपाशीं थांबावें लागतें, आणि ही वस्तु येथें कां आली, हा प्रश्न आपोआप पुढें येतो. ज्या चित्राचा आज विचार करावयाचा आहे, त्याच्या बाबतींत असें थांबणें फारच अवश्य आहे. कारण अडीचशेंहून अधिक वर्षें जाणत्या लोकांनीं तें पाहिलें, त्यावर लिहिलें, त्याचे अर्थ लावले. आणि इतका काळ त्या चित्राचा एक मोठा भाग कोणाच्याच दृष्टीस पडला नव्हता.

हें चित्र जर्मनींतील ड्रेस्डेन शहराच्या चित्रसंग्रहालयांत आहे. 'उघड्या खिडकीपाशीं पत्र वाचणारी मुलगी' या नांवानें तें ओळखलें जातें. चित्रकार योहानेस व्हर्मीर हा हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा, आणि चित्र रंगविण्याचा काळ सुमारें १६५७ ते १६५९ हा. आकारानें तें मोठें नाहीं. उंची सुमारें ८३ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारें ६४ सेंटिमीटर, इतकेंच.

श्रोत्यांनी क्षणभर डोळे मिटून ती खोली मनाशीं उभी करावी. डाव्या हातास एक उंच खिडकी आहे. तिची झडप आंतल्या बाजूस उघडलेली असून तींत कांचेचीं लहान लहान तावदानें बसविलेलीं आहेत. झडपेवर एक तांबडा पडदा सरकवून टाकला आहे. खिडकीसमोर एक तरुण स्त्री उभी आहे. तिची एकच बाजू आपणांस दिसते. अंगावर पिवळा व काळा असा वेष, केंस नीट मागें बांधलेले, आणि कानाजवळून कुरळ्या बटा खालीं उतरलेल्या. दोन्हीं हातांत तिनें एक कागद धरला आहे आणि तिची सारी दृष्टि त्या कागदांत बुडाली आहे. खिडकीच्या कांचेंत तिच्या मुखाचें अंधुक प्रतिबिंब पडलें आहे. परंतु तिचें तिकडे लक्ष नाहीं. तिच्या अलीकडे एक जाड तुर्की गालिचा चुण्या पडून पसरलेला आहे. त्यावर निळ्या नक्षीचें चिनी मातीचें तबक कलंडलें असून सफरचंदें व पीच हीं फळें त्यांतून घरंगळलीं आहेत. एक पीच अर्धें कापलेलें आहे व त्याची कोय दिसते. उजव्या हातास, या सर्वांच्या पुढें, वरपासून खालपर्यंत एक हिरवा पडदा लोंबतो आहे. हा पडदा खोलींतला नव्हे. तो जणूं चित्रावरच टांगला आहे. धूळ व ऊन यांपासून रक्षण व्हावें म्हणून हॉलंडांतील लोक आपल्या चित्रांवर पडदे लावीत असत. व्हर्मीरनें तो पडदाहि रंगानेंच काढला, आणि कोणीं तरी तो आतांच बाजूस सारला व आपली दृष्टि आंत गेली, असा भास उत्पन्न केला.

राहिली ती स्त्रीच्या पाठीमागील भिंत. या भिंतीची कथा हाच आजचा मुख्य विषय आहे.

तत्पूर्वीं चित्रकाराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. व्हर्मीरचा जन्म १६३२ सालचा व मृत्यु १६७५ सालचा. सारें आयुष्य त्यानें डेल्फ्टमध्येंच काढलें. त्याच्या हातचीं म्हणून जीं चित्रें आज मानलीं जातात, त्यांची संख्या सदतिसाच्या पलीकडे जात नाहीं. त्यांतील बहुतेक खोल्या शांत, स्वच्छ व जवळजवळ निर्जन आहेत. एखादी स्त्री दूध ओतते आहे, एखादी लिहिते आहे, एखादी तराजू हातांत धरून उभी आहे. त्याच्या स्वतःच्या घरांत मात्र इतकी शांतता असणें शक्य नव्हतें. कारण तो वारला तेव्हां त्याच्या मागें अकरा मुलें होतीं. १६७२ सालीं फ्रेंचांनीं हॉलंडवर स्वारी केली आणि चित्रांचा बाजार बसला. व्हर्मीर कर्जांतच मेला. पाववाल्याचे ६१७ गिल्डर देणें राहिलें होतें. तें फेडण्यासाठीं त्याच्या विधवेस दोन चित्रें त्या पाववाल्याच्या स्वाधीन करावीं लागलीं.

त्या काळचें डेल्फ्ट हें व्यापारी गांव होतें. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचीं सहा कार्यालयें होतीं. त्यांपैकीं एक डेल्फ्टला होतें. याच कंपनीची वखार आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्यास होती. चिनी मातीचीं भांडीं डच घरांत येत तीं याच कंपनीच्या गलबतांतून. घरांतला पुरुष गलबतावर चढला म्हणजे जावा बेटावरील बटाव्हियास पोंचण्यासच सात-आठ महिने लागत. दुरावलेल्या माणसांना जोडणारें साधन एकच, तें म्हणजे पत्र. त्या देशांत साक्षरतेचा प्रसार चांगला झालेला होता व पुष्कळ स्त्रियांना वाचतां येत होतें. म्हणून पत्र वाचणारी किंवा लिहिणारी स्त्री हा तेथील चित्रकारांचा आवडता विषय झाला.

आतां अशा चित्राचा अर्थ कसा लावावयाचा? डच लोकांना चित्रांत सूचना पेरण्याची हौस होती. गाब्रिएल मेत्सू या चित्रकाराचें सुमारें १६६५ सालचें एक चित्र डब्लिन येथें आहे. त्यांतहि एक स्त्री पत्र वाचते आहे. तिच्या मागें उभी असलेली दासी भिंतीवरील एका चित्राचा पडदा बाजूला करून पाहते आहे, आणि त्या चित्रांत गलबतें व खवळलेला समुद्र आहे. प्रेम हें समुद्रासारखें असून त्यांत वादळेंहि येतात, ही कल्पना त्या काळच्या सचित्र नीतिबोधाच्या पुस्तकांतून घरोघर पोंचली होती. म्हणून पत्र कोणत्या प्रकारचें आहे, हें पाहणाराला त्या चित्रांतल्या चित्रावरून कळत असे. तात्पर्य, डच खोलींतील भिंतीवर टांगलेलें चित्र हें केवळ शोभेचें नसतें. पुष्कळदां तें साक्ष देण्यासाठीं तेथें ठेवलेलें असतें.

परंतु साक्ष घेतांनाहि चूक होऊं शकते. गेरार्ड टर बोर्ख या चित्रकारानें १६५४ च्या सुमारास एक प्रसंग रंगविला. पांढऱ्या सॅटिनचा झगा घातलेली एक तरुणी आपल्याकडे पाठ करून उभी आहे. समोर एक पुरुष बसला असून त्यानें हात वर केला आहे, आणि त्याच्या शेजारीं एक स्त्री मद्याचा पेला ओंठांस लावून बसली आहे. पुढें अठराव्या शतकांत या चित्राचा ठसा कोरून काढण्यांत आला व त्यास 'पित्याचा उपदेश' असें नांव मिळालें. त्या नांवावर विसंबून महाकवि गटे यानें १८०९ सालच्या आपल्या कादंबरींत या प्रसंगाचें वर्णन केलें: बाप मुलीला सौम्य शब्दांत समजावतो आहे, आणि आई आपला संकोच लपविण्यासाठीं पेल्यांत पाहते आहे. नंतरच्या अभ्यासकांनीं नीट पाहिलें तेव्हां तो पुरुष शिपाई असून मुलीचा बाप शोभण्याइतका वयस्क नाहीं, असें आढळलें. हा प्रणययाचनेचा प्रसंग असावा असें कोणी म्हणतात. कोणी त्यांत पैशाचा व्यवहार पाहतात. एकच तरुणी, एका पिढीनें तिला आज्ञाधारक कन्या ठरविलें आणि दुसरीनें वारांगना. ती मात्र सर्वांकडे पाठ करूनच उभी आहे.

ड्रेस्डेनच्या चित्रांतील स्त्रीवरहि असाच प्रसंग आला. हें चित्र १७४२ सालीं पॅरिसहून सॅक्सनीच्या इलेक्टराच्या संग्रहांत आलें, तेव्हां तें रेम्ब्रांटचें म्हणून घेतलेलें होतें. पुढें तें पीटर द होख याच्या नांवावरहि होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तोरे या फ्रेंच टीकाकारानें विस्मृतींत गेलेल्या व्हर्मीरला उजेडांत आणलें, तेव्हां कोठें या चित्राला त्याचा खरा धनी मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ सालीं तें रशियांत नेण्यांत आलें व १९५५ सालीं परत आलें. या सर्व काळांत स्त्रीच्या मागची भिंत मोकळी होती: नुसती फिकट, उजेडानें भरलेली, विस्तीर्ण भिंत.

या मोकळ्या भिंतीची स्तुति पुष्कळ झाली. व्हर्मीरचें मौन तें हेंच, असें रसिकांना वाटे. इतर चित्रकार खोली वस्तूंनीं भरून टाकतात. व्हर्मीरनें केवळ प्रकाश ठेवला आणि स्त्रीच्या एकांताला जागा करून दिली, असें म्हटलें जाई. आणि भिंत कांहींच बोलत नसल्यामुळें, स्त्रीच्या मनांतील विचार जाणण्यासाठीं लोक दुसऱ्या वस्तूंकडे वळले. उघडी खिडकी म्हणजे घराबाहेरील जगाची ओढ, असें कोणीं म्हटलें. कलंडलेलें तबक व सांडलेलीं फळें यांकडे बोट दाखवून कोणीं हव्वेच्या पापाची आठवण करून दिली, आणि हें पत्र विवाहबाह्य संबंधाचें असावें असाहि तर्क केला. न्यायालयांत साक्षीदार गप्प राहिला म्हणजे परिस्थितीच्या पुराव्यावर आरोप उभा करतात, तसेंच हें झालें.

१९७९ सालीं या चित्रावर क्ष-किरणांचा प्रयोग करण्यांत आला. तेव्हां मोकळ्या भिंतीच्या रंगाखालीं एक मोठी चौकट आणि तींत एक नग्न बालक दिसून आलें. हा रोमन लोकांचा मदन, क्यूपिड. शोध मोठा होता. परंतु त्यावरून काढलेलें अनुमान चुकलें. चित्रकारानें प्रथम मदन काढला असेल आणि मागाहून तो नको वाटल्यामुळें स्वतःच झांकला असेल, असें सर्वांनीं धरून चाललें. या समजुतीनें मोकळ्या भिंतीची थोरवी कमी न होतां उलट वाढलीच. उघड सांगणें टाळून सूचक मौन पत्करणारा कलावंत, अशी व्हर्मीरची प्रतिमा अधिकच दृढ झाली. असें अनुमान होण्यास कारणहि होतें. त्याच क्ष-किरणांनीं आणखी एक गोष्ट दाखविली होती: उजव्या बाजूस, जेथें आतां हिरवा पडदा आहे, तेथें पूर्वीं मद्याचा एक मोठा कांचेचा पेला होता आणि तो व्हर्मीरनें स्वतः झांकला होता. ज्यानें पेला काढून टाकला, त्यानेंच मदनहि काढून टाकला असेल, हा विचार सहज सुचण्यासारखा होता.

२०१७ सालीं चित्राच्या शुद्धीकरणाचें काम हातीं घेण्यांत आलें. जुनें, पिवळें पडलेलें रोगण काढीत असतां असें लक्षांत आलें कीं, भिंतीच्या त्या भागावरील रंग इतर भागांच्या रंगाप्रमाणें वागत नाहीं. तेव्हां रंगाचे अतिसूक्ष्म कण घेऊन त्यांची प्रयोगशाळेंत परीक्षा झाली. एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीचा पोपडा निघाला म्हणजे त्यांत एकावर एक दिलेले चुन्याचे हात दिसतात, तसे या कणांत रंगाचे थर दिसतात. मदनाच्या रंगावर रोगणाचा थर होता. त्या रोगणावर मळ सांचला होता. आणि मदनाला झांकणारा रंग त्या मळाच्या वर होता. याचा अर्थ उघड आहे. चित्र पुरें झालें, त्यास रोगण दिलें गेलें, तें कित्येक दशकें कोणाच्या तरी भिंतीवर राहिलें, त्यावर धूळ बसली, आणि त्यानंतर कोणीं तरी मदनावर रंग फांसला. तोंवर व्हर्मीर वारलेला होता. म्हणजे तें मौन व्हर्मीरचें नव्हतेंच. तें दुसऱ्यानें त्याच्या तोंडावर ठेवलेल्या हाताचें होतें.

हा निर्णय झाल्यावर परका रंग काढण्याचें ठरलें. औषधी द्रवानें तो काढावा तर खालच्या रोगणाला व मूळ रंगाला धोका होता. म्हणून शस्त्रवैद्य वापरतात तसली बारीक सुरी हातीं घेऊन, सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहत, कणाकणानें तो रंग खरवडण्यांत आला. खालचें जुनें रोगणहि शाबूत ठेवावयाचें होतें. हात किंचित् जड पडला असता तरी व्हर्मीरच्या रंगाला इजा पोंचली असती. २०१९ सालीं अर्धा उघडा झालेला मदन लोकांना दाखविण्यांत आला, आणि २०२१ च्या सप्टेंबरांत संपूर्ण चित्र प्रदर्शनांत ठेवलें गेलें. हिरव्या पडद्यामागील पेला मात्र कोणीं उघडा केला नाहीं. तो ज्यानें निर्माण केला त्यानेंच झांकला होता, आणि त्याचा निर्णय पाळणें हेंच उचित होतें. दोन्हीं वस्तु झांकलेल्याच. परंतु कोणीं झांकल्या, या एका प्रश्नावर दोहोंचा न्याय वेगळा झाला.

आतां भिंत मोकळी नाहीं. काळ्या चौकटींत मदन उभा आहे. त्याच्याजवळ धनुष्य आहे आणि पायांखालीं मुखवटे पडलेले आहेत. हा मदन व्हर्मीरच्या अभ्यासकांना अपरिचित नव्हता. लंडन येथील त्याच्या एका चित्रांत वाद्यापाशीं उभ्या असलेल्या स्त्रीच्या मागें तोच टांगलेला आहे. न्यूयॉर्क येथील दोन चित्रांतहि त्याचा अंश दिसतो. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर १६७६ सालीं त्याच्या घरांतील सामानाची जी यादी झाली, तींतहि मदनाच्या एका चित्राची नोंद आहे. तें हेंच असावें.

मुखवट्यांचा अर्थ त्या काळच्या वाचकांना ठाऊक होता. ऑटो व्हान व्हेन याचें प्रेमविषयक प्रतीकचित्रांचें पुस्तक १६०८ सालीं अँटवर्प येथें प्रसिद्ध झालें होतें. मुखवटा म्हणजे ढोंग. खरें प्रेम तोंड लपवीत नाहीं, म्हणून मदन मुखवटा पायांखालीं तुडवितो. असा मदन मस्तकाच्या वर असतां खालीं उभी असलेली स्त्री जें वाचते आहे तें प्रेमपत्र होय, याविषयीं आतां फारशी शंका उरत नाहीं. शिवाय, ज्या प्रेमावर कपटाचा आरोप होता, त्याच्या बाजूनें स्वतः चित्रकारानेंच बोलावलेला साक्षीदार पुढें आला आहे. फळें जागच्या जागींच आहेत व तबकहि कलंडलेलेंच आहे. परंतु त्यांवरून पापाची गोष्ट रचणाऱ्यास आतां त्या मुखवट्यांचें उत्तर द्यावें लागेल.

मदन उघडा झाल्यानें सर्वांनाच आनंद झाला असें नाहीं. मोकळी भिंतच अधिक सुंदर होती, असें म्हणणारे रसिक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. मदनाची चौकट मोठी व जड आहे. तिच्यामुळें खोली भरल्यासारखी होते आणि दृष्टि दोन ठिकाणीं वांटली जाते. मोकळ्या भिंतीपुढें ती स्त्री अधिक एकाकी व अधिक गूढ दिसत असे. परंतु तें गूढ एका अज्ञात हातानें उसनें आणलेलें होतें. कोणाच्या पत्रांतील दोन ओळी तिऱ्हाइतानें पुसून टाकल्या आणि उरलेलें पत्र अधिक भावपूर्ण झालें, तरी त्यास मूळ लेखकाचें पत्र म्हणतां येणार नाहीं. चित्र आवडणें ही एक गोष्ट आणि चित्रकाराचें म्हणणें समजून घेणें ही दुसरी. पहिलीसाठीं कोणाचीहि परवानगी लागत नाहीं. दुसरीसाठीं मात्र त्याचे सर्व शब्द ऐकून घ्यावे लागतात.

अर्थ लावणाराच्या दृष्टीनें या कथेंत एक इशारा आहे. अडीचशें वर्षें ज्यांनीं या चित्राचे अर्थ लावले ते अडाणी नव्हते. त्यांत मोठमोठे पंडित होते. त्यांनीं दिसत होतें तें बारकाईनें पाहिलें. चूक झाली ती न दिसणाऱ्या जागेविषयीं. मोकळी जागा पाहून, येथें कांहीं नव्हतेंच, किंवा असलें तर धन्यानेंच काढलें, असें त्यांनीं धरलें. तेथें कोणीं कांहीं पुसलें असेल, अशी शंका पुराव्यावांचून येणें कठीण होतें, आणि पुरावा मळाच्या एका पातळ थरांत दडलेला होता. म्हणून आज जो अर्थ पक्का वाटतो, त्याच्या कडेलाहि थोडी जागा मोकळी ठेवणें शहाणपणाचें आहे. निदान कोणा स्त्रीच्या शीलाविषयीं निकाल द्यावयाचा असेल तेव्हां तरी ती जागा ठेवावीच.

मदनानें सांगितलें तेंहि फार थोडें आहे. पत्र प्रेमाचें आहे, इतकेंच त्यावरून कळतें. तें कोणीं लिहिलें, तो जवळच्या गांवीं आहे कीं बटाव्हियास, त्यानें येण्याचें कळविलें आहे कीं न येण्याचें, हें भिंत सांगत नाहीं. स्त्रीचा चेहरा शांत आहे. त्यावर हर्ष किंवा दुःख यांची स्पष्ट खूण चित्रकारानें ठेविलेली नाहीं. क्ष-किरण रंगाखालच्या मदनापर्यंत पोंचले. परंतु त्या कागदावरील ओळी वाचतां येण्यासारख्या व्हर्मीरनें काढलेल्याच नाहींत. तें पत्र पूर्वींप्रमाणेंच आजहि एकटी तीच वाचते आहे.